करडा ठिपका आणि लपवलेले नाव

१/
१९८० साली अमेरिकेतील युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीहून कॅलिफोर्नियातील अटारी कंपनीच्या कार्यालयात एक पत्र आले. लिहिणारा मुलगा पंधरा वर्षांचा होता. ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात आपल्याला एक खोली सापडली असून सोबतच्या माहितीपुस्तिकेत तिचा कोठेही उल्लेख नाही, आणि त्या खोलीत एका माणसाचे नाव झळकते, असा पत्राचा आशय होता. कंपनीत ते पत्र वाचणाऱ्यांना त्या खोलीचा पत्ताच नव्हता. खेळ तोवर बाजारात गेलेला होता, आणि ज्याचे नाव झळकत होते तो माणूस नोकरी सोडून निघून गेला होता.

२/
व्हिडिओ गेममधील गुप्त खोल्या, गुप्त शेवट, दडवलेले प्रदेश यांच्याकडे आज खेळाडूला मिळालेली भेट म्हणून पाहिले जाते. जो शोधील त्याला बक्षीस, असा हा सौदा. परंतु या प्रथेचे मूळ पाहू गेल्यास तेथे खेळाडू फारसा दिसत नाही. तेथे दिसतो तो श्रेयाचा तंटा: वस्तू घडवणारा कारागीर आणि ती विकणारा मालक यांच्यातला.

३/
१९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या कंपनीने अटारी २.८ कोटी डॉलरला विकत घेतली. पुढच्याच वर्षी घरच्या टीव्हीला जोडण्याचा, पुढे ‘अटारी २६००’ या नावाने ओळखला गेलेला कन्सोल आला. १९७८ मध्ये रे कॅसार अटारीत आले आणि लवकरच कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती गेली. कॅसार हे बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापड उद्योगातून आलेले. कापडाच्या ताग्यावर विणकराचे नाव नसते. कार्ट्रिजवरही प्रोग्रामरचे नाव असण्याचे कारण त्यांना दिसले नाही.

४/
यात केवळ अनास्था नव्हती, व्यवहाराचा हिशेबही होता. खेळ कोणी रचला हे जगाला कळले तर प्रतिस्पर्धी त्या माणसाला जास्त पगार देऊन उचलून नेतील. आणि आपल्या नावावर माल खपतो हे त्या माणसाला कळले तर तो वाटा मागील. म्हणून खोक्यावर, पुस्तिकेत, पडद्यावर, कोठेच नाव नाही.

त्या काळात एक खेळ म्हणजे बहुधा एकट्या माणसाची निर्मिती असे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. कल्पना, नियम, चित्रे, ध्वनी आणि सारा प्रोग्राम एकाच्याच हातचा. आजच्या शेकडो लोकांच्या संघात नाव गळणे वेगळे, आणि एकट्याने लिहिलेल्या कादंबरीवर लेखकाचे नाव न छापणे वेगळे.

५/
वॉरेन रोबिनेट १९७७ च्या नोव्हेंबरात अटारीत रुजू झाले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते बाहेर पडले होते. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील संगणकावर त्यांनी ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ खेळला. विल क्राउदर यांनी रचलेल्या आणि डॉन वुड्स यांनी वाढवलेल्या त्या खेळात चित्र नव्हते, फक्त मजकूर होता. गुहेचे वर्णन वाचायचे आणि ‘उत्तरेकडे जा’ अशी आज्ञा टंकित करायची. हाच अनुभव अटारीच्या कार्ट्रिजमध्ये चित्ररूपाने आणायचा, असे रोबिनेट यांनी ठरवले.

६/
त्यांच्या वरिष्ठाने नकार दिला, आणि तो नकार अवाजवी नव्हता. मूळ खेळाला मोठ्या संगणकाची शेकडो किलोबाइट जागा लागत होती. अटारीच्या कार्ट्रिजमध्ये होते ४ किलोबाइट, म्हणजे ४०९६ बाइट, आणि कन्सोलच्या कामचलाऊ स्मृतीत अवघे १२८ बाइट. रोबिनेट यांनी तरीही काम चालू ठेवले. प्राथमिक रूप पाहिल्यावर वरिष्ठांना त्यात वेगळाच लाभ दिसला. वॉर्नरच्या ताब्यात सुपरमॅनही होता. तेव्हा याच ढाच्यावर सुपरमॅनचा खेळ करावा, असे सुचवण्यात आले. ते काम जॉन डन या सहकाऱ्याने अंगावर घेतले आणि रोबिनेट यांचा मूळ खेळ वाचला.

७/
‘अ‍ॅडव्हेंचर’चा नायक म्हणजे एक साधा चौकोन. तीन किल्ले: सोनेरी, पांढरा, काळा. तीन ड्रॅगन, जे बदकासारखे दिसतात अशी थट्टा आजही होते. एक वटवाघूळ, जे हातातली वस्तू हिसकावून नेते. आणि एक जादूचा चषक, जो सोनेरी किल्ल्यात परत आणायचा. सुमारे तीस खोल्यांचे हे जग ४०९६ बाइटांत बसवणे ही खरी किमया होती. एका पडद्याच्या कडेबाहेर गेल्यावर दुसरे दालन उघडते आणि मागे टाकलेली वस्तू जेथे होती तेथेच राहते, ही कल्पना घरगुती कन्सोलवर तेव्हा अगदी नवी होती.

८/
याच जगात रोबिनेट यांनी आणखी एक खोली बांधली. काळ्या किल्ल्याच्या आतील चक्रव्यूहात एक बंदिस्त कोनाडा आहे. पुलाची वस्तू भिंतीवर टाकल्याशिवाय तेथे शिरता येत नाही. आत एक ठिपका पडलेला असतो. आकार एका बिंदूएवढा, आणि रंग भोवतीच्या जमिनीचाच, करडा. तो डोळ्यांना दिसत नाही, चाचपडताना हाताला लागतो. हा ठिपका सोनेरी किल्ल्याजवळच्या एका दालनात न्यायचा. तेथे उजव्या बाजूला एक उभी रेघ भिंतीचे काम करते. ठिपक्यासह आणखी किमान दोन वस्तू त्या दालनात आणल्या की रेघ लुकलुकू लागते आणि तिच्यातून पलीकडे जाता येते.

पलीकडे मार्ग नाही, शत्रू नाही, धन नाही. रंग बदलणारी उभी अक्षरे आहेत, आणि त्यांचा अर्थ एवढाच: हे वॉरेन रोबिनेट यांनी निर्माण केले.

९/
या एका ओळीसाठी त्यांनी कार्ट्रिजमधील सुमारे ५ टक्के जागा खर्च केली. जेथे एकेका बाइटसाठी झगडावे लागत होते, तेथे हा खर्च किती मोठा होता हे कोणताही प्रोग्रामर सांगू शकेल. त्यांनी ही गोष्ट सहकाऱ्यांनाही सांगितली नाही. आपल्यालाच गुपित राखता आले नाही तर इतरांनी ते राखावे अशी अपेक्षा कशी करावी, हा त्यांचा तर्क. चिप एकदा लाखोंच्या संख्येने तयार झाली की ओळ पुसता येणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

रोबिनेट यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे त्यांचा वार्षिक पगार सुमारे २२,००० डॉलर होता. ‘अ‍ॅडव्हेंचर’च्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, एकेक साधारण २५ डॉलरला. रोबिनेट यांना त्यातला वाटा मिळाला नाही. १९७९ मध्ये त्यांनी अटारी सोडली.

१०/
आता पुन्हा त्या पत्राकडे. अटारीने ब्रॅड स्ट्युअर्ट या प्रोग्रामरकडे तपास सोपवला: ही ओळ कोठे दडली आहे ते शोधा. स्ट्युअर्ट यांनी ती शोधली, पण सोबत हेही ऐकवले की दुरुस्तीचे काम आपल्याकडे आले तर तेथे ‘दुरुस्ती ब्रॅड स्ट्युअर्ट यांची’ असे लिहिले जाईल. विनोद होता, पण त्यामागची तक्रार खरी होती. त्यातच चिपचा नवा साचा करवून घेण्याचा खर्च सुमारे १०,००० डॉलर होता.

११/
येथे स्टीव्ह राइट या अधिकाऱ्याने वेगळाच पवित्रा घेतला. ईस्टरच्या सणाला मुले अंगणात दडवलेली रंगीत अंडी शोधत हिंडतात. खेळातील हे गुपितही तसेच आहे, मग ते राहू द्यावे, उलट पुढच्या खेळांतही अशी गुपिते असावीत, असे त्यांचे मत पडले. ‘ईस्टर एग’ हा शब्द व्हिडिओ गेमच्या जगात आला तो येथून.

निर्णय शहाणपणाचा होता यात शंका नाही. मात्र या नव्या नावासरशी निषेधाची खूण एकाएकी सणाची गंमत झाली, ही बाब फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

१२/
त्याच सुमारास दुसरे चार प्रोग्रामर उघडपणे भांडत होते. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांनी कंपनीच्या विक्रीचे आकडे पाहिले. क्रेन यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार वर्षभरातील कार्ट्रिजच्या विक्रीपैकी निम्म्याहून अधिक वाटा या चौघांच्या खेळांचा होता. ते कॅसार यांच्याकडे गेले. खेळ रचणाऱ्याइतकाच तो जुळणीच्या पट्ट्यावर बांधणाराही महत्त्वाचा, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले.

१९७९ च्या ऑक्टोबरात जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन स्थापन केली. दुसऱ्याच्या कन्सोलसाठी खेळ बनवून विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. तिच्या पुस्तिकांमध्ये रचनाकाराचे नाव आणि छायाचित्र असे. अटारीने खटला भरला. १९८२ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्याच वर्षी आलेला क्रेन यांचा ‘पिटफॉल’ ४० लाखांहून अधिक खपला. क्रेन यांना आपले नाव कोणत्याही भिंतीमागे लपवावे लागले नाही.

१३/
अटारीने मात्र लपवाछपवीची बाजारपेठ मांडली. १९८२ मध्ये ‘स्वोर्डक्वेस्ट’ ही चार खेळांची मालिका जाहीर झाली. खेळातील खोल्यांत योग्य वस्तू योग्य जागी ठेवल्या की आकडे दिसत. ते आकडे सोबतच्या चित्रकथेतील पान आणि चौकट दाखवत. तेथे एक शब्द चित्रात दडलेला असे. अचूक शब्द पाठवणाऱ्यांत अंतिम स्पर्धा, आणि विजेत्याला २५,००० डॉलर किमतीची सोन्याची, रत्नजडित वस्तू. अशी दोन बक्षिसे दिली गेली. मग अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, १९८४ मध्ये वॉर्नरने अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल यांना विकला आणि मालिका अर्ध्यावर तुटली. चौथा खेळ तेव्हा आलाच नाही.

१४/
जपानमध्ये हीच कल्पना निराळ्या वाटेने वाढली. १९८४ मध्ये नाम्को कंपनीने ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ हा नाण्यावर चालणारा खेळ आणला. रचनाकार मासानोबू एंदो. साठ मजल्यांचा मनोरा, आणि मजल्यामजल्यावर एक दडवलेली पेटी. पेटी प्रकट होण्यासाठी काय करावे हे खेळ सांगत नाही. त्यातल्या काही पेट्या चुकल्या तर शेवट गाठणेच अशक्य. एकट्याच्या नाण्यांनी हे सुटणारे नव्हते. त्यामुळे गेम सेंटरमध्ये वह्या ठेवल्या जाऊ लागल्या. ज्याला जे सापडे ते तो लिहून ठेवी आणि पुढचा त्यावरून एक मजला वर चढे.

१५/
१९८६ च्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’ची कथा तर मजेदार आहे. ताकाशी तेझुका यांनी भुयारांची मांडणी केली, तेव्हा हिशेबातील चुकीने उपलब्ध स्मृतीपैकी निम्मीच वापरली गेली. चूक लक्षात आल्यावर शिगेरू मियामोतो यांनी ती दुरुस्त करण्याऐवजी उरलेल्या जागेत दुसरा, अधिक अवघड खेळ बसवायचे ठरवले. पहिला खेळ संपवला की तो उघडतो. किंवा आरंभीच खेळाडूने आपले नाव ‘झेल्डा’ असे लिहिले, तरीही उघडतो.

या खेळाच्या अखेरीस श्रेयनामावली आहे. पण तीत मियामोतो हे ‘मियाहोन’ आहेत, तेझुका ‘टेन टेन’ आणि संगीतकार कोजी कोन्दो ‘कोन्चान’. प्रतिस्पर्ध्यांनी माणसे पळवू नयेत यासाठी जपानी कंपन्यांत अशी टोपणनावे सर्रास वापरली जात. कॅलिफोर्नियात नाव भिंतीमागे होते, क्योटोमध्ये मुखवट्यामागे.

१६/
लपवण्याचे धाडस पुढे कोठवर गेले हे पाहायचे तर १९९७ चा ‘कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट’ पाहावा. कोनामी कंपनीचा, प्लेस्टेशनवरचा खेळ. दिग्दर्शक तोरू हागिहारा, सहायक दिग्दर्शक कोजी इगाराशी. येथे लपवली गेली ती एखादी खोली नव्हे. जवळजवळ अर्धा खेळ.

१७/
कथा १७९७ सालची. ड्रॅक्युलाचा किल्ला पुन्हा उभा राहिला आहे आणि पाच वर्षांपूर्वी ड्रॅक्युलाला मारणारा वीर रिश्टर बेपत्ता आहे. ड्रॅक्युलाचा पुत्र अलुकार्ड किल्ल्यात शिरतो. तासन् तास भटकल्यानंतर किल्ल्याच्या माथ्यावर त्याला रिश्टर भेटतो, सिंहासनावर, किल्ल्याचा धनी म्हणून. लढाई होते, रिश्टर मरतो, किल्ला कोसळतो, श्रेयनामावली सरकू लागते. खेळ संपला असे मानण्यास सारी कारणे तेथे हजर आहेत. वीराचे पतन, शोकान्त शेवट, संगीत. बहुतेक कथा याहून कमी आधारावर संपतात.

१८/
पण किल्ल्यात दोन अंगठ्या दडलेल्या आहेत, एक सोन्याची आणि एक चांदीची. प्रत्येकीवर तुटक शब्द कोरलेले आहेत. एकट्या अंगठीवरून काहीच उमगत नाही. दोन्हींवरचे शब्द एकमेकांत गुंफून वाचले तर घड्याळाच्या जागी त्या धारण कराव्यात असा अर्थ लागतो. मोठ्या घड्याळाच्या दालनात दोन्ही अंगठ्या घालून उभे राहिले की जमीन उघडते. खाली मारिया भेटते आणि एक चष्मा देते. तो चष्मा लावून रिश्टरशी लढायला गेल्यावर त्याच्याभोवती तरंगणारा हिरवा गोल प्रथमच दिसतो. रिश्टर पराधीन आहे. वार गोलावर करायचा आहे, माणसावर नाही.

१९/
तसे केले की रिश्टर वाचतो आणि आकाशात दुसरा किल्ला प्रकटतो: हाच, पण उलटा. छताची जमीन झालेली, जिने खालून वर लोंबकळणारे, घड्याळाचे दालन डोक्यावर. नवे शत्रू, नवी शस्त्रे, आणि खरा ड्रॅक्युला तेथे. जुन्याच खोल्या उलट्या करून वापरल्यामुळे निर्मात्यांना नवे बांधकाम फारसे करावे लागले नाही, हे खरे. पण काटकसरीतून इतका विलक्षण परिणाम क्वचितच साधला गेला असेल. पाहिलेल्या नकाशाची टक्केवारी येथे शंभरावर थांबत नाही, ती २००.६ पर्यंत जाते. जो खेळाडू पहिल्या शेवटावर समाधान मानून उठला त्याने अर्ध्याहून कमी पाहिले, आणि नकळत एका निरपराध माणसाला मारले. लपवलेल्या गोष्टीला येथे नैतिक वजन येते, आणि म्हणून हा खेळ इतरांहून वरचा ठरतो.

२०/
सर्वच लपवणूक अशी सार्थ नसते. २००० सालच्या ‘फायनल फँटसी ९’मध्ये एक तलवार आहे, जी बारा तासांच्या आत अंतिम प्रदेशात पोहोचणाऱ्यालाच मिळते, म्हणजे कथेत रमणाऱ्याला शिक्षा आणि धावणाऱ्याला इनाम. त्याच खेळाच्या चौथ्या डिस्कवर एक छोटे उपकथानकही आहे. कथेचा एकेक टप्पा ओलांडल्यावर जुन्या अड्ड्यावर पुन्हा पुन्हा परतावे लागते, आणि तसे करण्याचे कोणतेही कारण खेळ देत नाही. जपानी मार्गदर्शक पुस्तकात त्याची नोंद होती, पण इंग्रजीतून खेळणाऱ्यांमध्ये ते २०१३ मध्ये माहीत झाले.

२१/
आणि कधी गुपित इतके पक्के बसते की घरमालकालाच दार दाखवावे लागते. २००९ च्या ‘बॅटमॅन: आर्कम असायलम’मध्ये लंडनच्या रॉकस्टेडी कंपनीने अधीक्षकाच्या कार्यालयात एक गुप्त खोली ठेवली होती. भिंतीवर कसलीही खूण नाही. त्या कोऱ्या भिंतीवर स्फोटक तीनदा लावावे लागे. आत पुढच्या खेळाच्या नगराचे आराखडे होते. कित्येक महिने कोणालाच ती सापडली नाही. अखेर कंपनीनेच ती जाहीर केली.

२२/
आता एक दुरुस्ती. ‘अ‍ॅडव्हेंचर’मधील खोली ही जगातील पहिली, असे फार ठिकाणी वाचायला मिळते, अर्नेस्ट क्लाइन यांच्या २०११ च्या ‘रेडी प्लेयर वन’ या कादंबरीने आणि २०१८ च्या चित्रपटाने तिची कीर्ती आणखी पसरवली. ती सर्वांत प्रभावी ठरली, पहिली नव्हे. फेअरचाइल्ड कंपनीच्या कन्सोलवरील ‘व्हिडिओ व्हिझबॉल’ या १९७८ च्या खेळात रचनाकार ब्रॅडली रीड-सेल्थ यांचे आडनाव दडलेले होते. ते २००४ मध्ये सापडले.

२३/
त्याहूनही आधी, १९७७ मध्ये, खुद्द अटारीचाच ‘स्टारशिप १’ हा नाण्यावर चालणारा खेळ निघाला होता. प्रोग्रामर रॉन मिलनर. यंत्राची कळ, खटके आणि नाण्याची खाच ठराविक क्रमाने वापरली की पडद्यावर रॉन यांना अभिवादन करणारे दोन शब्द उमटत आणि दहा डाव फुकट मिळत. ही गोष्ट जगजाहीर व्हायला २०१७ उजाडले, म्हणजे चाळीस वर्षे लागली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागात काम केलेल्या एड फ्राइज यांनी ती प्रसिद्ध केली.

२४/
फ्राइज यांनी तेव्हाच एक शक्यता बोलून दाखवली. ‘स्टारशिप १’च्या आधी नाण्यावर चालणारे शंभराहून अधिक खेळ निघाले होते, त्यांतही कोणाचे नाव दडलेले असू शकते. अडचण अशी की त्यांतल्या सुरुवातीच्या अनेक खेळांत, १९७२ च्या ‘पाँग’प्रमाणे, प्रोग्रामच नव्हता. सारा खेळ चिपा आणि तारांच्या जोडणीतच बांधलेला असे. अशा खेळाची प्रत काढून ओळीओळीने वाचता येत नाही. त्यात काही दडले असेल तर ते मंडलाच्या पाटीवर आहे. ते पाहायचे तर मूळ यंत्र हाती हवे, चालू स्थितीत हवे, आणि त्याची जोडणी वाचता येणारा माणूस समोर हवा.